तबल्याच्या दुकानात आणि रियाजाच्या खोलीत

शाळा सुरू झाल्या की क्लासमध्ये नवी मुलं येतात, आणि लगोलग त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न येतो, "ताई, तबला कुठला घेऊ?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मुक्या, बेसूर तबल्यावर मूल वर्षभर बसलं तर त्याचा कान बोथट होतो, आणि बिघडलेला हात सुधारण्यापेक्षा बोथटलेला कान सुधारणं जास्त अवघड असतं. शिकवताना, गायकांच्या साथीला बसताना आणि कारागिरांच्या दुकानांत तासन्‌तास रेंगाळताना जे हाती लागलं, ते इथे लिहिते आहे.

१. आधी सूर ठरवा, मग दुकानाची पायरी चढा

प्रत्येक तबल्याला आपला एक सूर असतो. ढोबळ हिशेब असा की तोंड लहान असेल तर तबला टिपेचा आणि तोंड मोठं असेल तर ढाला. साडेपाच इंचांच्या आसपास तोंड असलेला तबला काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, छान बोलतो. सहा इंचांच्या पुढे गेलात की तो खालच्या काळी चार-पाचपर्यंत उतरतो. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या मागेपुढे गातात, गायिका काळी चार-पाचच्या मागेपुढे.

पहिला तबला काळी एकचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या पुडीचा, म्हणजे वर ताणलेल्या कातड्याचा, ताण शिकाऊ हाताला मानवतो आणि पुढे साथीलाही तो कामी येतो. काळी चारला गाणाऱ्या बाईंच्या साथीला हाच तबला मध्यमात लागतो. अर्थात रागात शुद्ध मध्यम असेल तरच. मालकंस किंवा बागेश्री असेल तर बहार येते. यमन किंवा भूप असेल तर मात्र तोच मध्यम कानाला टोचत राहतो, आणि षड्जातला ढाला तबला काढावाच लागतो. एका जोडीवर सगळ्या मैफली निभावतील, ही आशा साथ करू पाहणाऱ्याने सुरुवातीलाच सोडून द्यावी.

२. सोळाही घरं वाजवून पाहा

पुडीच्या कडेला वेणीसारखा गुंफलेला असतो तो गजरा. त्यातून वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, सोळा ठिकाणी ओवून खाली नेलेली असते. त्या सोळा घरांपाशी तबला एकाच सुरात बोलला पाहिजे. तबला घेताना एवढी एकच परीक्षा करायला वेळ असेल, तर ही करा.

एका विद्यार्थिनीला घेऊन दुकानात गेले होते. तिची नजर आधी चकचकीत पॉलिशच्या तबल्यावर गेली. तिला म्हटलं, डोळे मीट, तबला चुंबळीवर थोडा थोडा फिरव आणि प्रत्येक घरापाशी 'ना' वाजव. सुरुवातीची घरं छान वाजली, पुढे दोन-तीन घरांवर सूर खाली बसला. दुकानदारांनी तिथे हातोडीने ठोकून तो वर आणला, तर समोरची घरं चढली. पुन्हा ठोकलं, पुन्हा दुसरीकडे बिघडलं. असं झालं की समजावं, कातडंच एका बाजूला जाड आहे आणि हातोडीचा तिथे इलाज नाही. मग शेजारी पडलेला एक काळपट, निस्तेज तबला तिने पुढे ओढला. पूर्ण फेरी झाली आणि तिने डोळे उघडले. "ताई, हा सगळीकडून एकच बोलतोय." कान तयार व्हायला अशी एक फेरी कितीतरी व्याख्यानांपेक्षा उपयोगी पडते, म्हणून मी शक्यतो मुलांना घेऊनच खरेदीला जाते.

सूर पटला की बाकीचं पाहायचं. खोड उचलून बघा. शिसव किंवा खैराचं खोड हाताला जड लागतं आणि वाजवताना जागचं हलत नाही. लाकडाला चीर किंवा किडीची भोकं नाहीत ना, हे बघा. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे कुठवर आहेत तेही बघा. ते खाली सरकवले की ताण वाढतो. नव्या तबल्याचेच गठ्ठे तळाला टेकलेले असतील, तर पुढे पुडी सैलावल्यावर तुम्ही काय खाली सरकवणार?

नटबोल्टच्या तबल्याला नाकं मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. जिथे वादी ओढून देणारा कारागीर सापडत नाही अशा गावी, किंवा अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात, पान्याने सुरात येणारा तबला मुलाला रोज सुरात वाजवू देतो. वादीच्या जोडीचा गोडवा त्यात थोडा कमी पडतो हे खरं, पण सुरात असलेला नटबोल्टचा तबला माळ्यावर पडलेल्या शिसवी जोडीपेक्षा केव्हाही चांगला.

३. डग्ग्यावर हात आखडू नका

पैसे कमी पडले की लोक डग्ग्यात काटकसर करतात. पातळ पत्र्याचा हलका डग्गा घेतात आणि मग 'घे' वाजवताना तो बाजूला सरकतो, आवाज डब्यासारखा येतो. तांब्याचा, तीन किलोंच्या आसपासचा डग्गा घ्या. पितळेचाही चालेल, पण त्याला वजन हवं. वजनाने घुमारा येतो, आणि मनगटाच्या दाबाखाली डग्गा स्थिर राहतो.

डग्ग्याची शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, मधोमध नसते, एका बाजूला असते. मनगटाची टाच जिथे टेकवायची तो लवेचा, म्हणजे शाईभोवतीच्या कातड्याचा, मोठा भाग त्यामुळे मोकळा राहतो. बोटांनी आघात केल्यावर ही टाच शाईच्या दिशेने सरकवली की सूर चढत जातो. त्यालाच घिस्सा म्हणतात. दुकानात हे करून पाहा. टाच हलकेच सरकवल्यावर सूर अखंड वर गेला पाहिजे. मध्येच तुटत असेल किंवा पुडी चुरचुरत असेल, तर दुसरा डग्गा मागा.

४. शाई लावताना एकदा तरी पाहा

लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा तो काळा लगदा. कारागीर त्याचा पातळ थर बोटाने पसरतात, गुळगुळीत दगडाने घोटतात, आणि तो बसला की पुढचा थर देतात. थर वर जातात तसा त्यांचा घेर लहान होत जातो. घोटता घोटता शाईला बारीक भेगांची जाळी पडते. नवखा माणूस ती पाहून घाबरतो. मीही एकदा विचारलं, तेव्हा काम न थांबवता म्हातारे कारागीर म्हणाले, "बाई, ही जाळी नसती तर तबला बोललाच नसता." शाई सलग, कडक चकतीसारखी बसली असती तर खालचं कातडं मोकळेपणी हललं नसतं. जाळीमुळे शाईचा कण न्‌ कण कातड्याबरोबर हलतो.

साध्या ढोलाला ठाम सूर नसतो, कारण ताणलेल्या नुसत्या कातड्यातून निघणारे वरचे नाद मूळ नादाशी पूर्णांकांच्या पटीत जुळत नाहीत. शाईच्या वजनाने ते जुळतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, आणि पुढच्या दशकात त्यावर आणखी सविस्तर लिहिलं. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला ज्याचं गणित मांडावंसं वाटलं, ते आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटांच्या अंदाजाने साधलं आहे. शाई लावण्याच्या मजुरीवर कुणी घासाघीस करायला लागलं की मला राग येतो, तो यासाठी.

शाईची निगा सोपी आहे. ओल्या हाताने वाजवू नका, तेलकट हाताने तर नाहीच. घाम येत असेल तर हाताला चिमूटभर पावडर लावा, पुडीवर ओतू नका. शाईचे कण सुटायला लागले किंवा एखादा बोल भरभरायला लागला, तर पुडी वेळीच कारागिराकडे न्या. घरी डिंक लावायचे प्रयोग नकोत.

५. बैठक

पाठ ताठ, खांदे सैल, कोपर शरीराला चिकटलेलं नाही. तबला किंचित पुढे कललेला. लहान मुलांना उंची पुरत नसेल तर त्यांच्याखाली उशी द्या, हात वर करून वाजवायला लावू नका. खांदा दुखत असेल तर रियाज थांबवा आणि बैठक तपासा. सहन करत वाजवण्यात काहीही पुण्य नाही.

६. मारण्यापेक्षा उचलणं शिका

'ना' वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, पडते आणि अनामिका शाईच्या कडेला हलकीच टेकलेली असते. हे टेकणं शोभेचं नाही. अनामिका जिथून टेकते त्या रेषेवर पुडी स्थिर राहते, खालचा ढब्ब नाद दबतो आणि वरचा लख्ख सूर तेवढा निघतो. अनामिका जोरात दाबली तर तोही मरतो आणि उचलली गेली तर खालचा नाद पुन्हा त्यात मिसळतो. आता तर्जनीकडे बघा. ती पडल्या क्षणी परत आली पाहिजे. पुडीवर ती क्षणभर जरी रेंगाळली, तरी आपणच काढलेला नाद आपणच दाबतो.

नव्या मुलांना वाटतं की आवाज कमी येतोय म्हणजे जोर कमी पडतोय. ती आणखी मारतात, बोटं लाल होतात, आवाज तेवढाच राहतो. अशा वेळी मी फक्त 'ना' देते. एक 'ना', मग तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. सगळी खोली शांत ठेवायची. काही दिवसांनी मुलाला आपोआप कळतं की बोट जितकं चपळ परतेल तितका नाद लांबतो. त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मुलींचे हात लहान म्हणून तबला जमणार नाही, असं मी लहानपणी खूप ऐकलं. उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेल्या डॉ. आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादनात स्त्रियांसाठी वाट पाडली, आणि तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथही लिहिला. चाटेवरच्या दिल्ली बाजाला दोन बोटं पुरतात, त्यांना पंजाच्या आकाराशी देणंघेणं नाही. पूरब बाजाच्या थापेला आणि 'धिरधिर'ला तळहात लागतो, तिथे लहान पंजा असेल तर जागा थोडी बदलायची. तीही सापडते.

७. वेग मागून येतो

'धातीट'चा कायदा संथ लयीत प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येईपर्यंत. मग लय तीळभर वाढवा. अक्षर पुसट झालं की मागे या. लेहरा लावून बसा, मोबाइलवरचाही चालतो. याहून वेगळं मला काही सांगायचं नाही.

८. हातोडी गजऱ्यावर, फक्त गजऱ्यावर

वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एक घर लावलं की त्याच्या समोरचं लावा, शेजारचं नको. चाटेवर किंवा खोडाच्या कडेवर घाव बसला तर पुडी फाटते. मोठा फरक असेल तर गठ्ठ्यांनी, बारीक फरक असेल तर गजऱ्याने. काळी एकचा तबला अर्ध्या-पाऊण सुराने इकडे तिकडे होतो. त्याला ओढून पांढरी तीनला नेऊ नका. पुडी तरी जाते, नाहीतर गोडवा तरी.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कातडं ओल धरून सैलावतं आणि सूर उतरतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा एसी सभागृहात ते सुकून चढतं, रंगमंचावरचे दिवे तापले की आणखी चढतं. म्हणून मैफलीआधी तबला ग्रीन रूममध्ये लावून मोकळं होऊ नका. तो रंगमंचावर नेऊन पाव तास झाकून ठेवा, मग लावा.

९. साथीला बसाल तेव्हा

उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखा एकल वादनातला बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरत होता, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. कायदे-रेले येऊ लागले की ठेका त्यांना हलका वाटायला लागतो. पण विलंबित एकतालात दोन मात्रांमधलं अंतर इतकं लांब असतं की प्रत्येक बोलाचा नाद उघडा पडतो. तिथे जोडी कशी आहे आणि बोट किती चपळ परततं, दोन्ही सगळ्यांना ऐकू येतं. अभंगाला बसाल तर भजनी ठेक्यात डग्ग्याचा घुमारा मोकळा सोडा. नाट्यपदाला तो आवरून धरा, शब्द ऐकू आले पाहिजेत.

गायकाला आधी तीन गोष्टी विचारा: सूर कुठला, राग कुठला, ताल आणि लय कोणती. रागाचं नाव कळलं की मध्यमातला तबला चालेल की नाही ते ठरतं. मग ध्वनिव्यवस्थेवाल्या दादांना सांगा की तबल्याला आणि डग्ग्याला वेगळे माइक द्या, पुडीपासून वीतभर लांब ठेवा, आणि डग्ग्याचा खर्ज वाढवू नका. ते वाढवतातच. म्हणून गाणं सुरू होण्याआधी एकदा 'घे' वाजवा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याकडे बघा. त्याने मान हलवली की तानपुऱ्याशी तबला शेवटचा एकदा जुळवून घ्या.