एका दाढेची जागा

खालच्या जबड्यातील पहिली दाढ, जी वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाचा कोणताही दात न पडता मागच्या बाजूस उगवते आणि म्हणूनच पुष्कळ आईबाप जिला दुधाची समजून तिच्या किडीकडे काणाडोळा करतात, ती माझ्या मुखातून गेली त्यास बरीच वर्षे लोटली. परंतु तिच्या जागी जे बसविण्यात आले त्याने दिलेल्या उपद्रवाची हकीकत इतरांच्या उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने येथे नमूद करीत आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी दात काढणारे व बसविणारे एक गृहस्थ होते. त्यांच्यापाशी पदवीचा दाखला नव्हता, परंतु हात हलका आणि दर माफक अशी ख्याती असल्यामुळे पंचक्रोशीतील शेतकरी, शिक्षक आणि कचेरीतील कारकून त्यांच्याकडे विश्वासाने जात, आणि वडीलधाऱ्यांनी मलाही तेथेच नेले. ‘फिक्स दात’ म्हणून त्यांनी जो बसविला तो, जागच्या जागी कालवून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या लगद्यात तयार दात रोवून आणि तो लगदा पुढच्यामागच्या दातांच्या मुळांलगत दाबून केलेला होता. माप नाही, क्ष-किरण चित्र नाही. एका बैठकीत काम संपले. त्या लगद्याखाली ब्रश पोहोचणे अशक्य असल्याने तेथे अन्नकण कुजू लागले, हिरडी सुजून रक्त येऊ लागले, आणि शेजारचे दोन्ही निरोगी दात हलू लागले. मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात तो गोळा कापून काढला तेव्हा मागची दाढ बचावली. पुढचा दात मात्र हाडाचा आधार गमावून बसला होता. ज्या दातांना काहीही झालेले नव्हते त्यांपैकी एक असा गेला, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून पहिला आग्रह हा की, ज्याची कायद्यान्वये नोंदणी झालेली आहे अशाच दंतवैद्याकडे जावे, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात भीड बाळगू नये. दात काढण्याची तजवीज होण्यापूर्वी तो वाचतो काय, याचा खुलासा क्ष-किरण चित्र समोर ठेवून मागावा. कीड नसेपर्यंत पोहोचली असली तरी मूळ व भोवतालचे हाड शाबूत असल्यास रूट कॅनाल करून दात बहुधा राखता येतो. मात्र त्यानंतर दाढेवर कॅप बसविण्यास चालढकल करू नये, कारण पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबाने उभी चिरते, आणि मुळापर्यंत चिरलेल्या दाढेला सहसा इलाज उरत नाही.

दात गेलाच, तर मोकळ्या जागेकडे मागची दाढ कलू लागते आणि समोरचा दात आधाराअभावी लांबत येतो. अक्कलदाढेची जागा भरावी लागत नाही. इतर बहुतेक ठिकाणी निर्णय फार काळ तहकूब ठेवू नये. काढघालीचा दात सर्वांत स्वस्त, आणि शेजाऱ्यांना त्याची झीज थोडी सोसावी लागते. तो रात्री काढून गार पाण्यात ठेवावा, उकळत्या पाण्याने त्याचा आकार बिघडतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवून पक्का बसविलेला दात, त्याहून स्थिर खरा, परंतु त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात तासावे लागतात, आणि एकदा तासलेला दात पूर्ववत होत नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील किंवा मोठे भरण असेल तर ब्रिज समंजसपणाचा. ते अक्षत असतील तर माझा कल इम्प्लांटकडे, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे मूळ रोवून त्यावर बसविलेल्या दाताकडे, आहे.

टायटॅनियमशी जिवंत हाड एकजीव होते हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडांवरील प्रयोगांत आढळले आणि 1965 साली त्यांनी मनुष्याच्या जबड्यात पहिले असे रोपण केले. हे एकजीव होणे साधारणतः तीन ते सहा महिन्यांचे काम असते, म्हणून घाईच्या आश्वासनांपासून सावध राहावे. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू, मिश्री, विडी चालू असेल तर अपयशाचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू असल्यास ते दंतवैद्यास आधीच सांगावे. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालचे हाड अस्वच्छतेने झिजते, तेव्हा घासण्यातून सुटका नाही.

काम पूर्ण झाल्यावर इम्प्लांटची कंपनी, प्रकार, लांबी व जाडी लेखी मागून घ्यावी आणि तो कागद घरच्या दप्तरात जपावा. पुढे वरचा स्क्रू सैल झाला वा कॅप बदलावी लागली, तर दुसऱ्या गावच्या दंतवैद्याला त्याच मापाचे सुटे भाग त्यावरूनच मागविता येतात.