जुन्या निशाणाची फारकत

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गलबत कोणाचे आणि कोणत्या सत्तेचे, हा प्रश्न फार जुना आहे. ज्या व्यापारी गलबतापाशी कान्होजी आंग्र्यांचे दस्तक नसे, ते सरखेलांच्या आरमाराने अडवावे, असा येथला शिरस्ता होता, आणि त्यावरून इंग्रजांशी झालेले तंटे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत. आज दस्तक राहिले नाही. संशय मात्र राहिला, किंबहुना वाढला. १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीस स्फोटके उतरली. २००८ साली पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून हल्लेखोर मुंबईच्या तोंडाशी आले. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वराजवळ एक बेवारस परदेशी नौका तीन रायफलींसह वाहत येऊन लागली, तेव्हा सारा जिल्हा हवालदिल झाला. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या त्या नौकेचे इंजिन वाटेत बिघडले होते आणि माणसांची सुटका झाल्यावर ती समुद्रावर सोडून द्यावी लागली होती, एवढेच पुढे निष्पन्न झाले. पण तोपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रत्येक चौकीची झोप उडालेली होती. अशा मुलखात ज्याला परदेशात घेतलेली वापरलेली बोट आणावयाची आहे, त्याने बोटीच्या आधी तिचे दप्तर तपासावे, हे स्वानुभवाने सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी पेणचा. उमेदीची वर्षे दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात गेल्यामुळे खरेदीखत, बोजा, वारसा आणि मुखत्यारनामा यांच्याशी माझा परिचय समुद्राहून कितीतरी अधिक. माझा भाचा रोह्याचा. बरीच वर्षे शारजात नोकरी करतो, आणि कुंडलिकेच्या काठी वाढल्यामुळे स्वतःची शिडाची नौका रेवदंड्याच्या खाडीत आणावी, तेथून गोव्यापर्यंत किनाऱ्याने जावे, ही त्याची लहानपणापासूनची हौस. तेथल्या एका इंग्रज गृहस्थाची, फ्रान्समध्ये बांधलेली, फायबरची जुनी नौका त्याच्या मनात भरली, आणि मध्यस्थाने पाठवलेले सर्व कागद त्याने माझ्याकडे धाडले. “मामा, बोटीतले तुम्हांला कळणार नाही, पण कागद तेवढे बघा,” असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा त्याने बयाणा देऊन टाकलेला होता.

कागदांत सर्वांत वर एक नोंदणीपत्र होते. त्यावर ब्रिटनचे राजचिन्ह, नौकेचे नाव, लांबी, मालकाचे नाव आणि एक क्रमांक. तोच क्रमांक नौकेच्या पिछाडीवर ठळक अक्षरांत रंगविलेला. मध्यस्थाचे म्हणणे, याहून मोठा पुरावा तो कोणता? परंतु ब्रिटनच्या नौका-नोंदवहीचे निरनिराळे भाग आहेत, आणि हे पत्र तिच्या तिसऱ्या भागातले, म्हणजे २४ मीटरपेक्षा लहान खाजगी नौकांसाठी असलेल्या सोप्या नोंदीचे होते. ही नोंद पाच वर्षांपुरती असते, ब्रिटनमध्ये वास्तव्य असणारालाच मिळते, मालक बदलताच संपुष्टात येते, आणि मुख्य म्हणजे तिने मालकी सिद्ध होत नाही. त्या भागात गहाणाचीही नोंद होत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती दाखवून घर विकू पाहणारा जसा भेटतो, तसाच हा प्रकार: पावती खोटी नसते, पण तिच्यावरून घर कोणाचे हे ठरत नाही. पहिल्या भागातली नोंद निराळी. तेथे मालकीची परंपरा आणि गहाण दोन्ही लिहिलेली असतात, आणि नौका त्या भागातली असेल तर नोंदवहीचा प्रमाणित उतारा कार्डिफच्या कार्यालयातून मागविता येतो. आमच्या नौकेस ती सोय नव्हती. शिवाय विक्रेत्याने ब्रिटन सोडूनही पुष्कळ काळ लोटला होता, तेव्हा त्या निशाणावर त्याचा हक्क मुळातच कितपत शिल्लक होता, हाही प्रश्नच होता.

मालकी नोंदणीपत्राने सिद्ध होत नाही म्हटल्यावर ती खरेदीखतांच्या साखळीनेच सिद्ध करावयाची. बांधणाऱ्या कारखान्याचा दाखला, पहिल्या विक्रीची पावती, आणि त्यानंतर हात बदलला त्या प्रत्येक वेळचे खरेदीखत, हे सर्व एकामागून एक लागले पाहिजे. आमच्या साखळीतली मधली एक कडीच नव्हती: दुसऱ्या मालकाकडून तिसऱ्याकडे नौका गेल्याचा कागद नाही, आणि शेवटच्या खरेदीखतात मात्र चौसष्टपैकी चौसष्ट हिस्से विकल्याचे ऐटीत लिहिलेले. इंग्रजी रिवाजात नौकेचे चौसष्ट हिस्से मानतात. आपल्या १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्याने ते दहा ठरविले. हिस्से चौसष्ट असोत की दहा, देणाराचा हक्क शाबीत नसेल तर घेणाराच्या पदरात काय पडणार! मध्यस्थ उत्तरादाखल नौकेची छायाचित्रे पाठवीत राहिला. अखेर भाच्याने त्याला बाजूला ठेवून विक्रेत्याशीच बोलणे केले, आणि तो गृहस्थ सालस निघाल्यामुळे पूर्वीच्या मालकाचा ठावठिकाणा लागून त्याच्याकडून रीतसर प्रतिज्ञालेख व नवे खरेदीखत मिळाले. दरम्यान धक्क्यावरचे भाडे चढत होते, आणि ते कोणी द्यावयाचे याबद्दल करारात अवाक्षर नव्हते.

नव्या खरेदीखतातही एक गोम निघाली. १९९८ नंतर युरोपात विक्रीस आलेल्या बहुतेक क्रीडानौकांच्या पिछाडीवर, उजव्या अंगास, चौदा अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक कोरलेला असतो. भाच्याने पाठविलेले त्याचे छायाचित्र भिंगाखाली धरून मी एकेक अक्षर ताडून पाहिले, तर नौकेवर जेथे शून्य होते तेथे खतात इंग्रजी ‘ओ’ टंकलिखित झालेला. जमिनीच्या व्यवहारात गट क्रमांकाचा एक आकडा चुकला तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या शून्याचे महत्त्व सांगावयास नको. खत फिरून करून घेतले आणि मगच वकिलातीच्या तसदिकीस पाठविले.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा राहून जाते. एका नौकेला एका वेळी दोन राष्ट्रांची निशाणे लावता येत नाहीत. म्हणून जुन्या नोंदवहीतून तिचे नाव कमी झाल्याचा लेखी दाखला हाती आल्यावाचून नवी नोंद मागू नये. हा दाखला जुन्या मालकाच्या अर्जावर निघतो, आणि पूर्ण पैसे मिळालेल्या माणसाला अर्ज करण्याची आठवण क्वचितच राहते. म्हणून किमतीचा एक ठसठशीत भाग त्रयस्थाकडे अनामत ठेवावा, आणि दाखला व बोजा नसल्याचे पत्र मिळाल्यावरच तो मोकळा होईल, असे करारात लिहून घ्यावे. आमच्या बाबतीत बयाणा आधीच गेलेला असला तरी उरलेल्या रकमेला भाच्याने ही अट घातली, आणि त्यानंतर जे काम महिनोन्‌महिने रखडले होते ते आश्चर्यकारक त्वरेने पार पडले.

इकडे कोणत्या दारी जावयाचे, हे नौका कोठे फिरणार यावरून ठरवावे. खाडीतच वावरणाऱ्या यांत्रिक नौकेसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे बंदर कार्यालय. समुद्रावर जाणारीसाठी मुंबईचे मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंट. गोव्याची हौस असल्यामुळे आम्हांला दुसरा मार्ग घ्यावा लागला. १९५८ च्या कायद्याने भारतीय नौका सर्वस्वी भारतीय नागरिकांच्या अथवा भारतीय संस्थांच्या मालकीची असावी लागे. भाच्याचा एक परदेशी स्नेही भागीदार होऊ पाहत होता, त्याला नम्रपणे नकार देणे भाग पडले. परदेशात गेलेल्या कुटुंबांपैकी ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. २०२५ साली संसदेने नवा कायदा मंजूर केला असून मालकीच्या अटी त्यात बदलल्या आहेत, तेव्हा अर्जाच्या दिवशी अंमल कोणत्या तरतुदीचा आहे हे आधी विचारून घ्यावे. परदेशातल्या भारतीय वकिलातीकडून तात्पुरते नोंदणीपत्र घेऊन स्वतः नौका हाकीत आणण्याची वाटही जुन्या कायद्यात होती, सहा महिन्यांच्या मुदतीची. आम्ही ती मालवाहू जहाजावर चढवून न्हावा-शेव्यास उतरविली.

जकातीविषयी थोडक्यात. नौका ही सीमाशुल्काच्या दृष्टीने माल आहे, आणि जुन्या मालाच्या आयातीवर परकीय व्यापार धोरणाचे निर्बंध आहेत. आपली नौका त्यांत येते की नाही हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. सप्टेंबर २०२५ पासून क्रीडानौकांवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के आहे, आणि सीमाशुल्क त्याहून वेगळे. ज्याला नौका स्वस्त पडली असे वाटते त्याने ही बेरीज एकदा कागदावर मांडावी.

सर्वेक्षकाने मोजमाप केल्यावर नाव नाळेच्या दोन्ही अंगांस आणि नाव व नोंदणीचे बंदर पिछाडीस रंगवावे, अधिकृत क्रमांक मुख्य तुळईवर कोरावा, असा कायद्याचा पाठ. फायबरच्या नौकेला तुळई कोठली? सर्वेक्षकाच्या सल्ल्याने क्रमांकाची धातूची पट्टी आतल्या बाजूस कायमची बसविली. जुना ब्रिटिश क्रमांक खरवडून काढला, तरी उन्हाने विटलेल्या रंगावर त्याची पुसट आकृती राहिली, आणि रेवदंड्यात पहिल्याच दिवशी किनारा पोलिसांनी नेमके तिच्यावर बोट ठेवले. जुन्या नोंदीच्या रद्दीचा दाखला बरोबर होता म्हणून संभाषण चहावर संपले. त्याची मूळ प्रत घरी आणि प्रमाणित नक्कल नौकेवर असावी.

निशाणाच्या बाबतीत पुष्कळ जण उत्साहाने नुसता तिरंगा चढवितात. भारतीय नोंदणीच्या व्यापारी नौकांचे निशाण लाल असून त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा असतो. तेवढे बदलून मात्र भागत नाही. बिनतारी यंत्राचा जो नऊ आकडी क्रमांक असतो त्याचे पहिले तीन अंक राष्ट्राचे: ब्रिटनचे २३२ ते २३५, भारताचे ४१९. नौकेवरच्या संकटसूचक यंत्रातही राष्ट्राचा असा संकेत भरलेला असतो. भाच्याच्या यंत्रात तो जुनाच राहिला होता. म्हणजे कोर्लईच्या किल्ल्यासमोर नौका बुडू लागली असती, तर तिच्या मालकाची चौकशी ब्रिटनमध्ये होऊन फोन त्या सालस इंग्रजास गेला असता. दूरसंचार विभागाकडून नवा परवाना काढून दोन्ही यंत्रे नव्या क्रमांकाने भरून घ्यावी, आणि हे काम पहिल्या पावसाळ्यापूर्वी उरकावे, कारण जून ते ऑगस्ट नौका काठावर ओढलेली असताना यंत्रे तपासावयास माणूस मिळतो, पण ती पाण्यात नसल्याने त्याला चाचणी घेण्याचा उत्साह राहत नाही.