जुनी बंदूक आणि नवे काडतूस : घेण्यापूर्वी काय तपासावे?
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



आडसाली ऊस डोक्यावर गेला की गट ऑफिसला एकच तक्रार सुरू होते, "साहेब, डुकरांनी रात्रीत दहा गुंठे आडवा केला." शिराळा, पाटण आणि कराडच्या डोंगराकडच्या गावांना हे नवीन नाही. म्हणून बऱ्याच घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची १२ बोअरची बंदूक आहे. ती बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली. परवाना वारसाने नावावर झाला, बंदूकही आली. पण तिला कोणते काडतूस चालते, हे सांगणारा माणूस मागे राहिला नाही.

मी बंदुकीचा तज्ज्ञ नव्हे, शेतकीची पदविका घेतलेला माणूस. पण ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून लिहितो. वडिलांची दुनळी माझ्याकडे आली तेव्हा दुकानात जे मिळाले ते काडतूस मी आणले. घरात बसले, म्हणजे चालते, असे धरले. दोन बार काढले. खांदा आठवडाभर काळानिळा होता आणि बंदूक उघडताना गुडघ्यावर ठेवून जोर लावावा लागला. परवानाधारक कारागिराकडे नेली. त्याने माप घेतले आणि म्हणाला, "साहेब, हिचं घर ६५ चं आहे, तुम्ही ७० घालताय. डोळा शाबूत आहे हे नशीब समजा."

बसले म्हणजे चालते असे नाही

काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतरची, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यावरची असते. ७० मि.मी.चे घडी घातलेले काडतूस उडण्यापूर्वी ६० मि.मी.हूनही आखूड असते. त्यामुळे ते ६५ च्या घरात आरामात बसते. बार उडाला की तोंड उलगडते, आणि पुढे जिथे नळी निमुळती होते तिथे जाऊन अडते. छर्रे आणि बूच त्या अरुंद तोंडातून रेटले जातात आणि आतला दाब वाढतो.

इंग्लंडमध्ये तयार झालेल्या जुन्या बंदुका बहुतेक २½ इंची, म्हणजे आपण म्हणतो त्या ६५ मि.मी.च्या. पुढच्या काळातल्या २¾ इंची, म्हणजे ७० मि.मी.च्या. नळीखालचे लाकूड काढले की नळीच्या बुडाशी शिक्के दिसतात. १९५४ नंतरच्या इंग्लिश शिक्क्यांत '३ टन' हा आकडा साधारणपणे २½ इंची घरासाठी, तर '३¼ टन' हा २¾ इंची घरासाठी असतो. त्याआधीच्या काही बंदुकांवर '१⅛' असा आकडा असतो. तो छर्ऱ्यांच्या कमाल वजनाचा, औंसात. म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. शिक्का वाचता आला नाही तर अंदाज करू नये. कारागिराकडे घर मोजायचे गेज असते, पाच मिनिटांचे काम आहे.

दाब वेगळा, धक्का वेगळा

पुष्कळांचा समज असा की, खांद्याला कमी लागते ते काडतूस बंदुकीलाही सौम्य. हे खरे नाही.

उपसा योजनेची पाइपलाइन डोळ्यापुढे आणा. चार किलोच्या पाइपवर सहा किलोचा दाब दिला तर पाइप फुटतो. पुढे नोजलमधून किती पाणी पडते, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. बंदुकीचे तसेच आहे. नळीतला दाब ठरतो तो दारू किती आणि किती झटकन जळते यावर. खांद्याचा धक्का ठरतो तो छर्ऱ्यांचे वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचे स्वतःचे वजन यांवर. हलके पण झटकन जळणाऱ्या दारूचे काडतूस खांद्याला गोड लागेल आणि जुन्या नळीला जड जाईल.

धक्क्याचा हिशेबही बघा. बंदूक तीच आणि वेग तोच ठेवून २८ ग्रॅमऐवजी ३६ ग्रॅम छर्रे उडवले, तर धक्क्याची ताकद दीडपटीहून जास्त होते. जुन्या दुनळ्या वजनाला हलक्या, दस्त्याचे लाकूड शंभर वर्षांचे. खांदा सोसतो, पण दस्ता मानेजवळ चिरतो आणि नळी व चौकटीचा सांधा सैल होतो.

म्हणून जुन्या बंदुकीसाठी काडतूस दोन्ही बाजूंनी सौम्य हवे : घराच्या लांबीचे किंवा त्याहून आखूड, २८ ते ३० ग्रॅम छर्ऱ्यांचे आणि साध्या वेगाचे. 'मॅग्नम' किंवा 'हाय व्हेलॉसिटी' छापलेले जुन्या बंदुकीला घेऊ नये. आजच्या युरोपीय मापात साध्या १२ बोअर काडतुसाला ७४० बार आणि जास्त ताकदीच्याला १०५० बारपर्यंत दाब धरतात. हा फरक आजोबांच्या बंदुकीने सोसायचा नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ चा असून १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतूस कुठलेही असो, पाकिटावरची लांबी वाचून आणि नीट मागून घ्यावे. दुकानदार देईल ते नव्हे.

हे कटाक्षाने पाळा

१) नळीवर नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती पिळाची नळी आहे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आत गंज धरला असला तर वरून कळत नाही. अशी बंदूक वापरूच नये.

२) नळीला पोचा, फुगवटा किंवा आत खड्डे असतील तर बार काढू नये.

३) उसातून फिरताना नळीच्या तोंडात चिखल किंवा पाचटाचा तुकडा जातो. काडतूस घालण्यापूर्वी नळीतून उजेड बघावा.

४) बार 'फुस्स' झाला तर थांबावे. बूच नळीत अडकलेले असू शकते. बंदूक रिकामी करून नळी बघितल्याशिवाय दुसरा बार नाही.

५) २० बोअरचे काडतूस १२ च्या खिशात ठेवू नये. ते नळीत पुढे घसरून अडकते, मागे १२ चे बसते आणि नळी फुटते.

६) काडतुसे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, उन्हात ठेवू नयेत, उष्णतेने दाब वाढतो. ओल लागून फुगलेली जुनी कागदी काडतुसे वापरू नयेत. रिकामी काडतुसे घरी भरण्याचा उद्योग तर नकोच.

कायद्याचे दोन शब्द

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुकरावर बार काढता येत नाही. गवा आणि बिबट्या यांच्याबाबत तर विचारही करू नये. सागरेश्वरच्या बाजूची सांबरे-चितळे पिकात आली तरी तीच गोष्ट. पिकाचे नुकसान झाले तर लगेच वन खात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा. पंचनाम्यासाठी आमचा गट कर्मचारी बरोबर येईल. आणि कुंपणात मेन लाइनचा करंट सोडू नये. त्यात डुकराआधी माणूस जातो.

शेवटचे सांगतो. उभ्या उसात दहा फुटांपलीकडचे दिसत नाही. पाला हलला की डुक्करच असते असे नाही. तोडणीच्या दिवसांत टोळीची पोरे, पाणी पाजणारा गडी, शेजारचा भाऊबंद कुठूनही निघतो, आणि मोठा छर्रा काही शे मीटर जातो. नुसत्या आवाजावर बार काढू नये.

ऊस आडवा झाला तर खोडवा परत उभा राहतो. हात किंवा डोळा गेला तर त्याला खोडवा नाही. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापली बंदूक एकदा परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी, घर मोजून घ्यावे आणि ते माप परवान्याच्या पुस्तकाबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला ते शोधावे लागू नये.