माथेरानची खोली आणि माथेरानचा घोडा

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा उघडली, म्हणजे कांहीं पालक आम्हांस भेटतात व माथेरानच्या सहलीची हकीकत सांगतात. तींत डोंगरावरील थंड हवेची स्तुति असते आणि तिच्या पाठोपाठ खोलीच्या भाड्याची तक्रार असते. "हीच खोली पावसाळ्यांत निम्म्या भाड्यानें मिळते, मग उन्हाळ्यांत ही लूट कां?" असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत सांपडतें. मात्र तें उत्तर नीट समजून घेतलें, म्हणजे त्यांतून दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या मतें पहिल्याहून अधिक बिकट आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं माथेरान प्रसिद्धीस आणलें. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ सालीं सुरू झाली; ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें बांधली. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. खासगी मोटारींस तेथें प्रवेश नाहीं. दस्तुरी नाक्यापाशीं उतरावें लागतें, व पुढें पायीं किंवा घोड्यावरून जातां येतें. खोलीच्या भिंतीची वीट आणि न्याहारीचें अंडें हीं दोन्हीं याच वाटेनें वर जातात. शिवाय २००३ सालीं हा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील ठरविण्यांत आला, व नव्या बांधकामावर निर्बंध आले. तेव्हां गिऱ्हाईक वाढलें म्हणून तेथील खोल्या झटपट वाढूं शकत नाहींत.

आतां पुरवठा आणि मागणी या दोन शब्दांकडे वळूं. समजा, एका डोंगरगांवीं १०० खोल्या आहेत. मे महिन्यांत एका रात्रीचें भाडें १,००० रुपये असल्यास १८० कुटुंबें येऊं इच्छितात. २,००० असल्यास १०० कुटुंबें, आणि ३,००० असल्यास केवळ ६०. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे; अमुक किंमत देऊन घेण्याची तयारी असलेली इच्छा, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. या उदाहरणांत भाडें २,००० वर स्थिरावेल, कारण त्याच भावास खोल्या व कुटुंबें यांचा मेळ बसतो. उद्यां कोणी हुकूम काढला कीं भाडें १,००० हून अधिक घेऊं नये, तर खोल्या १०० च राहतील आणि दाराशीं १८० कुटुंबें उभीं राहतील. मग खोली कोणास मिळेल? जो आधीं पोहोंचेल त्यास, अथवा ज्याची मालकाशीं ओळख असेल त्यास. उरलेलीं ८० कुटुंबें रिकाम्या हातींच परततील. भाड्यास लूट म्हणणाऱ्या पालकांनीं ही बाजूही पाहावी. अर्थात् २,००० रुपये ज्यांच्यापाशीं नाहींत, त्यांच्या मुलांस थंड हवेची गरज कमी असते, असें मात्र अर्थशास्त्र म्हणत नाहीं.

पर्यटनाच्या धंद्यांत एक गोष्ट धान्याच्या धंद्याहून अगदीं निराळी आहे. ज्वारीचा भाव पडला तर शेतकरी ती कणगींत भरून ठेवूं शकतो; भाव चढला म्हणजे बाहेर काढतो. खोलीची रात्र कणगींत भरतां येत नाहीं. जुलैच्या एका रात्रीं खोली रिकामी राहिली, तर ती रात्र मे महिन्यांत विकावयास काढतां येणार नाहीं; ती गेली ती गेली. म्हणूनच पावसाळ्यांत भाडें इतकें उतरतें. गिऱ्हाईक आलें तर चादरी धुणें, पाणी व दिवा यांस समजा ३०० रुपये लागतात. घरपट्टी व नोकराचा पगार मात्र कोणी आलें न आलें तरी द्यावाच लागतो. अशा वेळीं ३०० हून थोडें अधिक मिळालें तरी मालक खोली देतो. त्यांत नफा नसतो, केवळ तोटा कमी होतो. मालकास हें परवडतें, कारण मे महिन्याच्या कमाईवर तो पावसाळा काढतो. ज्याची उन्हाळी कमाईच तोकडी, त्यानें काय करावें, हाच तो बिकट प्रश्न होय.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन पावसांत आम्ही वरच्या वर्गाच्या मुलांस घेऊन माथेरानीं गेलों होतों. लाल चिखलांत वाट निसरडी झाली होती. नाक्यापाशीं दहा-बारा घोडे भिजत उभे होते, व आमच्याखेरीज दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. एका मुलाचा पाय मुरगळला, म्हणून घोडा करावयाचा ठरला. घोडेवाल्यानें चारशें रुपये मागितले. आमचा एक हुशार विद्यार्थी पुढें झाला आणि त्यानें सौदा दोनशेंवर आणला. पुरवठा मोठा, मागणी लहान. धडा त्यानें अचूक ओळखला होता. आम्हीं त्याची पाठही थोपटली.

वाटेंत घोडेवाल्याशीं गोष्टी निघाल्या. "सर, घोडा बांधून ठेवला तरी खातोच," तो म्हणाला. खोलीस कुलूप लावतां येतें, घोड्यास लावतां येत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत गांवांत पाहुणा येईना. तेव्हां त्याचे दोन घोडे होते. चंदी व गवत यांचें कर्ज फिटेना, म्हणून एक विकला. तोही पडत्या भावानें, कारण त्या दिवसांत घोडे विकणारे पुष्कळ होते आणि घेणारे थोडे. मागणी-पुरवठ्याचा तोच नियम त्याला दोन्हीं बाजूंनीं लागला.

त्या भेटीनंतरही तेथें बदल झाले आहेत. माणसानें माणसास ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिला, आणि तो योग्यच होता. तिच्या जागीं विजेवर चालणारी रिक्षा यावयाची. परंतु ती हातरिक्षेप्रमाणें घोड्याचीही जागा घेऊं शकते. अशा वस्तूस पर्यायी वस्तु म्हणतात. तिचें भाडें स्वस्त झालें, म्हणजे घोड्याची मागणी घटते. पाहुण्यांची सोय होते, वृद्धांस वर जातां येतें, आणि नाक्यावरचा घोडा अधिक वेळ उभा राहतो. घोडेवाल्यांस याची चिंता वाटल्यास नवल नाहीं.

परत आल्यावर तोच विद्यार्थी आमच्याकडे आला व विचारूं लागला, "सर, मग मीं किती द्यावयास हवे होते?" आम्हीं त्यास सांगितलें कीं, दोनशेंवर सौदा कां तुटला तें पुस्तक सांगतें, घोड्याच्या त्या दिवसाच्या चाऱ्यास किती लागले, हें तूं विचारलें होतेंस काय? त्यानें विचारलें नव्हतें. खरें सांगावयाचें, तर आम्हींही विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, व प्रत्येकानें घरीं वडीलधाऱ्यांशीं बोलून आपलें उत्तर आंकड्यांसह आणावें असें सांगितलें. छत्तीस मुलांनीं छत्तीस निरनिराळे आंकडे आणले, आणि त्या दिवशीं गणिताचा तास आम्हांस पुढें ढकलावा लागला.