थोडक्या खर्चांत घराची राखण

अमरावतीच्या जुन्या शहराभोंवतीं जो दगडी परकोट आजहि ठिकठिकाणीं उभा दिसतो, तो कोणा राजानें आपल्या वाड्यासाठीं बांधलेला नाहीं. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजाम सरकारानें त्याचें काम १८०७ सालीं आरंभिलें. त्याला मोठे दरवाजे पांच, आणि 'खिडकी' म्हणून ओळखलीं जाणारीं लहान द्वारें चार. त्यांपैकीं खुनारी खिडकीला तें भयंकर नांव पडण्याचें कारण असें सांगतात कीं, १८१८ सालीं तिच्याजवळ झालेल्या झटापटींत सातशें माणसें मेलीं. अंबा दरवाजा, जवाहर दरवाजा, नागपुरी दरवाजा हीं नांवें आपल्या बोलण्यांत रोज येतात. परंतु हीं सारी एका मोठ्या घराच्या राखणीची व्यवस्था होती हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं.

पेंढारी गेले. आतां घोडेस्वारांची टोळी कोणाच्या अंगणांत येत नाहीं. येतो तो एकटा दुकटा मनुष्य. त्याला थोडा वेळ पाहिजे, अंधार पाहिजे आणि शांतता पाहिजे. त्याला वेळ अधिक लागेल, आवाज होईल आणि कोणाच्या दृष्टीस पडण्याचें भय वाटेल, एवढें जरी आपण केलें तरी पुष्कळसें काम झालें. यासाठीं परकोट लागत नाहीं आणि फारसा पैसाहि लागत नाहीं.

श्रीमंतांविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. त्यांचे पहारेकरी त्यांना आहेतच. शिक्षक, कारकून, मजूर आणि शेतकरी यांचीं घरें आमच्या डोळ्यांपुढें आहेत. वऱ्हाडांत शेतकऱ्याचें सोनें हें नुसतें भूषण नव्हे. मृग नक्षत्र जवळ आलें कीं गृहिणीच्या पाटल्या गहाण पडतात, त्यांतून बियाणें आणि मजुरी निघते, आणि कापूस विकला म्हणजे त्या पाटल्या घरीं परत येतात. वैशाखांत त्या चोरीस गेल्या तर त्या घरचा नुसता दागिना जात नाहीं, पेरणी जाते. आणि मग सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसण्याची पाळी येते.

आपलें घर कोठें कच्चें आहे हें ओळखण्यास एक चांगलें साधन कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८६० सालच्या भारतीय दंडविधानांत घरफोडी म्हणजे काय हें सांगतांना आंत शिरण्याचे किंवा बाहेर पडण्याचे सहा प्रकार दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तरी ते सहा प्रकार तसेच राहिले आहेत. स्वतः भोक पाडून शिरणें. माणसानें जाण्यासाठीं नसलेल्या वाटेनें, किंवा भिंतीवर चढून शिरणें. घरधन्याच्या इच्छेविरुद्ध वाट उघडून शिरणें. कुलूप उघडून शिरणें. दांडगाई करून शिरणें. आणि बंद करून ठेवलेली वाट मोकळी करून शिरणें. विद्यार्थी मित्रांनो, हा उतारा पाठ करण्याची गरज नाहीं. एखाद्या संध्याकाळीं वडिलांना बरोबर घेऊन घराभोंवतीं एक फेरी मारा, आणि ह्या सहांपैकीं कोणती वाट आपण आयती ठेवली आहे तें पाहा.

भिंतीचें प्रकरण थोडक्यांत आटपतें. मातीच्या भिंतींच्या काळीं चोर मागल्या बाजूनें पहारीनें भोक पाडीत, म्हणूनच जुन्या वाड्यांत मौल्यवान वस्तूंची खोली अगदीं मधोमध असे आणि धान्य पेवांत किंवा बळदांत जाई. विटासिमेंटाच्या घराला ही भीति फार उरली नाहीं. मात्र मागल्या भिंतीला टेंकून पऱ्हाटीचा ढीग, विटांची रास किंवा शिडी ठेवूं नये. आपलीच शिडी चोराच्या उपयोगीं पडावी यासारखें दुर्दैव नाहीं.

खिडकीचें तसें नाहीं. आमच्या वऱ्हाडांत तिच्यावर एक खास संकट आहे, आणि तें आपण हौसेनें आणतों. अकोल्याचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. पारा पंचेचाळीस अंशांवर गेला म्हणजे घरोघर खिडकींत कूलर बसतो. तो बसवितांना पुष्कळ ठिकाणीं खिडकीचे गज कापतात किंवा जाळी काढून टाकतात. मग त्या खिडकीला कूलरचा पातळ पत्रा एवढेंच काय तें संरक्षण उरतें, आणि बाहेरून तो सरकविणें कठीण नसतें. शिवाय रात्रभर पंख्याचा घरघराट चालला म्हणजे शेजारच्या खोलींत कपाट उघडलें तरी ऐकूं येत नाहीं. उपाय साधा आहे. गज कापूं नयेत. कूलर गजांच्या बाहेर लोखंडी घोडीवर ठेवावा आणि वारा गजांमधून आंत घ्यावा. गज कापून झालेच असतील तर कूलरच्या भोंवतीं लोहाराकडून पट्ट्यांची चौकट करवून ती भिंतींत पक्की बसवावी. घरचीं सारीं माणसें गच्चीवर किंवा अंगणांत निजत असतील तर खालच्या मजल्याचें दार नुसतें लोटून ठेवण्याची पद्धतहि सोडली पाहिजे. वारा पाहिजे हें खरें. पण तो दारानेंच आला पाहिजे असें नाहीं.

आतां दार आणि कुलूप. लोक कुलपावर पैसे खर्चितात आणि कोयंड्याकडे पाहत नाहींत, ही आमच्या मतें सर्वांत मोठी चूक. सात लिव्हरचें भारी कुलूप अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंनीं बसविलेल्या कोयंड्यांत अडकविलें, तर चोर कुलपाला हातहि लावीत नाहीं. एका पहारीच्या हिसक्यासरशीं कोयंडाच उपटून काढतो. कडी आणि कोयंडा दाराच्या फळींतून आरपार जाणाऱ्या बोल्टांनीं बसवावा आणि नट आंतल्या बाजूस आवळावे. चौकटीकडचे स्क्रू चांगले तीन इंची असावेत. बिजागऱ्या बाहेरून दिसत असतील तर त्यांची खीळ ठोकून काढतां येते, तिकडेहि लक्ष द्यावें. आपल्या आजोबांच्या वाड्यांत दाराला आंतून आडवा लांकडी अडसर असे. तो आज कोणी लावीत नाहीं, परंतु सुताराकडून तो करवून घेण्यास जो खर्च येतो त्याहून स्वस्त आणि भक्कम साधन आम्हांला ठाऊक नाहीं.

कुलपाची परीक्षा कशी होते याची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडनमध्यें ब्रामा नांवाच्या कारागिराचें एक कुलूप दुकानाच्या खिडकींत साठांवर वर्षें मांडलेलें होतें. तें किल्लीवांचून उघडील त्यास दोनशें गिनींचें बक्षीस होतें. १८५१ सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडलें, पण त्याला सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. न उघडणारें कुलूप जगांत नाहीं, हें यावरून दिसतें. आणि एकावन्न तास कोणत्याहि चोराजवळ नसतात, हेंहि दिसतें. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईस १८९७ सालीं कुलपें करण्यास आरंभ केला आणि पुढें तिजोऱ्याहि केल्या. आज बाजारांत चांगलें देशी कुलूप साधारण मनुष्यास परवडेल अशा किंमतीस मिळतें.

जुन्या दंडविधानांत दिलेलीं दोन उदाहरणेंहि मोठीं मार्मिक आहेत. एक मनुष्य दाराच्या भोकांतून तार घालून आंतली कडी उचलतो. दुसऱ्यास घरधन्याची हरवलेली किल्ली सांपडते आणि तो तिनें दार उघडतो. दोघेहि घरफोडेच. तेव्हां दाराच्या फटी बुजवाव्या, आणि किल्ली हरवली तर 'सांपडेल कधीं तरी' असें न म्हणतां कुलूप बदलावें. तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यांत, चौकटीवर किंवा पायपुसण्याखालीं किल्ली ठेवण्याची युक्ति साऱ्या गल्लीस ठाऊक असते.

कायद्यानें सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची घरफोडी अधिक गंभीर मानिली आहे. चोरीच्या हेतूनें ती केल्यास चौदा वर्षेंपर्यंत कैद होऊं शकते, दिवसा दहा. पण घराला दिवसाचेंहि भय कांहीं कमी नाहीं. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सारें कुटुंब सकाळीं शेतावर जातें आणि दारावरचें कुलूप दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येकास सांगत असतें कीं घरांत कोणी नाहीं. दारांतच बसणारें आंतलें कुलूप लावावें, म्हणजे घर बंद आहे कीं माणसें आंत आहेत हें बाहेरून कळत नाहीं. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत परगांवीं जावयाचें असेल तर अंगणांत सडा पडत नाहीं, वर्तमानपत्रें दारांत सांचतात, संध्याकाळीं दिवा लागत नाहीं. हीं सारीं चिन्हें वाचतां येतात. शेजारणीस सांगून जावें कीं, बाई, सकाळीं आमच्याहि अंगणांत पाणी टाका, संध्याकाळीं ओट्यावरचा दिवा लावा. परतल्यावर तिच्या घरासाठीं आपणहि तेंच करावें. ह्या देवघेवीला एक पैसाहि पडत नाहीं. पूर्वीं गांवाचा जागल्या रात्रीं फिरत असे. आतां शेजारी हाच जागल्या. आणि यात्रेचीं छायाचित्रें मोबाइलवर साऱ्या जगाला दाखवावयाचीं तर तीं घरीं परतल्यावर दाखवावीं.

दागिन्यांबद्दल दोन शब्द. सारें एका कपाटांत आणि कपाटाची किल्ली त्याच कपाटावर, ही रीत फार घरांत दिसते. जें रोज लागत नाहीं तें बँकेच्या लॉकरांत ठेवणें बरें. मात्र तेथेंहि नियम समजून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणें लॉकरची चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळें नुकसान झालें तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. भाडें दोन हजार असेल तर दोन लाख. सोनें त्याहून अधिक असेल तर वरच्या रकमेची हमी नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून दुकानांत विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण असते. हें काम आम्ही मुलामुलींकडे सोंपवितों. आईजवळ बसून प्रत्येक दागिन्याची खूण, वजन आणि पावतीचा क्रमांक एका वहींत उतरवा, दागिन्यांचीं छायाचित्रें काढा, आणि ती वही दागिन्यांजवळ न ठेवतां निराळ्या ठिकाणीं ठेवा. पोलिसांना माल सांपडला तरी तो आपलाच हें दाखवितां आलें नाहीं तर तो परत मिळविणें अवघड जातें.

एक गोष्ट मात्र आम्हांस मनापासून सांगावीशी वाटते. चोरी झाली कीं पहिला वहीम मोलकरणीवर जातो, नाहीं तर गांवाबाहेरच्या फासेपारध्यांच्या बेड्यावर. १८७१ सालच्या कायद्यानें कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरविलें होतें. त्या कायद्यांची मालिका १९५२ सालीं संपली, पण लोकांच्या मनांतून ती अजून गेली नाहीं. खोट्या आळानें गेलेली अब्रू कोणत्याहि वहींत नोंदून परत मिळत नाहीं. ज्याला आपण पाहिलें नाहीं त्याचें नांव पोलिसांपुढें घेऊं नये. जें पाहिलें तेवढेंच सांगावें.

घर फुटलेलें आढळलें तर आंत धांवूं नये, चोर अद्याप आंत असूं शकतो. बाहेरूनच ११२ ह्या क्रमांकावर कळवावें. पोलीस येईपर्यंत कपाट, कडी, फुटलेली कांच यांस हात लावूं नये आणि घर झाडूं नये. घर आवरण्याची घाई ही चांगल्या गृहिणीची संवय. पण त्या दिवशीं जमिनीवरचा पावलाचा ठसा आणि कांचेवरचा बोटाचा ठसा केरसुणी व फडक्याच्या एका हातानें पुसला जातो.