चित्र कुणाचं, हे आधी विचारा

काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांना स्किन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगते: बंदूक तीच, तिची ताकद तीच, वरचा रंग आणि चित्र तेवढं वेगळं. १४ ऑगस्ट २०१३ रोजी ‘आर्म्स डील’ नावाच्या अपडेटमधून हा प्रकार सीएस:गो या खेळात आला आणि बघता बघता त्याचा मोठा बाजार उभा राहिला. यातल्या कित्येक स्किन कंपनीतल्या पगारी चित्रकारांनी केलेल्या नाहीत. घरात बसून, आपल्या संगणकावर काम करणाऱ्या लोकांनी त्या केल्या. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉपवर कुणीही आपलं काम टाकू शकतं. खेळ बनवणाऱ्या वाल्व्ह या कंपनीला ते पसंत पडलं तर ते खेळात जातं आणि करणाऱ्याला मोबदला मिळतो. दार सगळ्यांना उघडं आहे, म्हणूनच आपल्याकडची अनेक मुलं-मुली आज ब्लेंडर आणि सब्स्टन्स पेंटर ही सॉफ्टवेअर शिकून या कामात उतरत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मला टेक्स्चरचं काम येतं, पण माझं रेखाटन बेताचं. त्यामुळे एका चांगल्या हाताच्या मुलाबरोबर मी जोडी जमवली. चित्र त्याचं, बंदुकीवर ते बसवणं, झीज, चमक, धातूचा पोत हे माझं. एडब्ल्यूपी या लांब नळीच्या रायफलसाठी आम्ही पळसाच्या फुलांतून डोकावणारा बिबट्या घेतला. त्याने पाठवलेला बिबट्या इतका देखणा होता की मी आठवडेच्या आठवडे त्याच्यावर घालवले. फक्त एक गोष्ट खटकत होती. चित्र दरवेळी एकसंध पीएनजी म्हणून यायचं. लेअर असलेली मूळ फाइल मागितली की उत्तर ठरलेलं, “ताई, ती जुन्या लॅपटॉपवर राहिली गं. तू पीएनजीवर सुरू कर ना, मी नंतर देतो.”

वर्कशॉपवर स्किन आली, कौतुक झालं, आणि थोड्याच दिवसांत परदेशातल्या एका चित्रकार बाईंचा निरोप आला. भाषा अतिशय सभ्य. त्यांनी आपलं जुनं चित्र जोडलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, की हे तुम्ही कुठून घेतलंत?

पहिल्या नजरेत दोन चित्रं वेगळी वाटत होती. त्यांचा बिबट्या निळसर होता आणि उजवीकडे बघत होता, आमचा शेंदरी आणि डावीकडे बघणारा. मी दोन्ही एकाच फाइलमध्ये एकावर एक ठेवली, एक आडवी उलटवली, दोन्हींतला रंग काढून राखाडी केली, डोळ्यांच्या कोपऱ्यावर कोपरा जुळवला आणि वरच्या लेअरचा मोड ‘डिफरन्स’ केला. या मोडमध्ये दोन चित्रं जिथे तंतोतंत सारखी असतात तिथे काळं दिसतं. पडदा हळूहळू काळा होत गेला. मिशा काळ्या, नाकपुड्या काळ्या, कपाळावरचे ठिपके जवळजवळ काळे. डाव्या कानाच्या टोकाशी ब्रश निसटून एक बारीकशी रेघ बाहेर आली होती. ती चुकार रेघसुद्धा दोन्हीकडे त्याच जागी, त्याच बाकाची. पळसाची फुलं तेवढी नवी होती.

त्याच दिवशी स्किन काढून टाकली. त्या मुलाबरोबर केलेलं बाकीचं सगळं कामही काढलं, कारण त्यातलं कुठलं चित्र खरं त्याचं हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझं टेक्स्चर माझंच होतं, पण ते ज्याच्यावर उभं होतं ते उसनंही नव्हतं, चोरीचं होतं. बाईंना सगळी हकीकत लिहून कळवली. त्यांनी पुढे तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तक्रार झाली असती तर काय झालं असतं, याचं उदाहरण या खेळाच्या इतिहासातच आहे. २०१४ च्या मे महिन्यात हंट्समन केसमधून (केस म्हणजे स्किन मिळण्याची बंद पेटी) ‘हाउल’ नावाची एम४ए४ या रायफलीची स्किन आली. लाल-काळ्या रंगातलं गुरगुरणारं श्वापद, लोकांना प्रचंड आवडलेलं. जूनमध्ये मूळ चित्रकाराकडून कॉपीराइटची तक्रार आली आणि वाल्व्हने ती केसमधून काढली. चित्र स्वतःच्या चित्रकारांकडून बदलून घेतलं, ज्यांच्या नावावर काम होतं त्यांना वर्कशॉपमधून बाद केलं, आणि आधीच लोकांच्या हाती गेलेल्या प्रतींसाठी ‘कॉन्ट्राबँड’ अशी वेगळीच श्रेणी काढली. आज ती स्किन हजारो डॉलरना विकली जाते, पण तो पैसा संग्राहक आणि व्यापारी यांच्यात फिरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत रिव्हॉल्यूशन केसमधली ‘डूडल लोअर’ ही एडब्ल्यूपी अशाच आरोपावरून काही दिवसांत काढली गेली आणि तिच्या जागी ‘ड्युअॅलिटी’ आली. लाखो लोक रोज बघतात अशा ठिकाणी उचललेलं चित्र लपून राहत नाही. कुणी ना कुणी ओळखतंच.

म्हणून माझा पहिला आग्रह फाइलचा आहे. भागीदाराकडून लेअर असलेली मूळ फाइल हातात आल्याशिवाय त्याच्या चित्रावर काम सुरू करू नका. कच्ची रेखाटनं मागा, वहीतल्या पानाचा फोटो चालेल. क्रिता या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढतानाची नोंद आपोआप ठेवण्याची सोय आहे, ती सुरू ठेवायला सांगा. ज्याने खरंच काढलंय त्याच्याकडे खोडलेल्या रेघांचा ढीग असतो आणि तो दाखवायला त्याला कमीपणा वाटत नाही. जो टाळतो त्याच्याशी भांडायची गरज नाही, जोडी जमवू नका एवढंच. शिवाय आलेलं चित्र उलटसुलट करून, रंग काढून, इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकून बघा. आडवं उलटवलेलं चित्र शोधाला पुष्कळदा चकवतं, म्हणून दोन्ही बाजूंनी टाका.

दुसरं, लेखी करार. मित्राशी कसला करार, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, आणि पुढे मैत्रीही जाते आणि कामही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात यासंबंधी एक गोष्ट आहे जी आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असते. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, तोंडी चालत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरता मानला जातो. हा खेळ तर जगभर खेळला जातो. तेव्हा कागदावर स्पष्ट लिहा: कुणी काय केलं, मोबदल्याचा वाटा किती, मुदत किती, आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द. एक पान पुरतं. चित्र आपलं नाही असं निघालं तर जबाबदारी कुणाची, हेही त्याच पानावर येऊ द्या.

चित्राइतकीच काळजी बाकीच्या सामग्रीची घ्यावी लागते. ब्रशचे संच, गंजलेल्या पत्र्याचे फोटो, अक्षरं, यातलं प्रत्येक कुणाचं तरी असतं. पॉली हेवन किंवा अँबियंटसीजी इथली टेक्स्चर सीसी० म्हणजे पूर्ण मोकळ्या परवान्याची आहेत, ती निर्धास्त वापरा. बंदुकीवर देवनागरी अक्षरं घालायची हौस असेल, आणि ती असावी असं मला मनापासून वाटतं, तर मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता किंवा बालू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेला फाँट विकाऊ स्किनवर चालत नाही. वारली चित्रांबाबत तर विशेष सांगेन. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ती एका समाजाची जिवंत कला आहे. डहाणू-जव्हारकडचा चित्रकार सोबत घ्या, त्याचं नाव वर्कशॉपवर सहनिर्माता म्हणून घाला, त्याला वाटा द्या. आणि बंदुकीवर काय काढावं, काय काढू नये हे त्याला ठरवू द्या. विधीतला देवचौक रायफलीवर नको असं तो म्हणाला तर तो विषय तिथेच संपला पाहिजे.

एआयकडून काढून घेतलेल्या चित्रांबद्दल हल्ली सगळे विचारतात. काम टाकताना ते सर्वस्वी आपलं आहे असं तुम्ही लिहून देता. ज्या चित्रात माणसाची निर्मिती नाही त्याची नोंदणी अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय करत नाही. जे आपल्या मालकीचंच ठरत नाही ते आपलं म्हणून लिहून देणं माझ्या मते सरळ धोक्याचं आहे. मी त्या वाटेला जात नाही आणि कुणाला जा म्हणत नाही.

आता हाताच्या कामाकडे येते, कारण चित्र स्वतःचं असूनही स्किन वाया गेल्याचं मी पुष्कळ पाहिलं आहे.

बंदुकीचा त्रिमिती आकार खोका उलगडून सपाट करावा तसा उलगडलेला असतो, त्याला यूव्ही म्हणतात. आपण त्या सपाट पानावर रंगवतो. नवखे लोक पान सुंदर रंगवतात आणि बंदूक विसरतात. खेळणाऱ्याला बहुतेक वेळ दिसते ती बंदुकीची डावी बाजू, तीही तिरपी आणि हाताने अर्धी झाकलेली. उजवी बाजू दिसते एफ दाबून बंदूक न्याहाळताना. तेव्हा बिबट्याचा चेहरा डावीकडे, डोळ्यांना सहज सापडेल अशा जागी हवा. काही भाग यूव्हीवर एकमेकांवर आलेले असतात, म्हणजे एकच रंगकाम दोन ठिकाणी उमटतं, एका ठिकाणी आरशातल्यासारखं. तिथे अक्षर टाकलंत तर ‘जय’ उलटा वाचावा लागेल. आणि सीएस:गोच्या जागी आलेल्या सीएस२ मध्ये बऱ्याच बंदुकांची नवी मॉडेलं आली आहेत. इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या यूव्हीवर महिनाभर काम करण्याआधी वाल्व्हने दिलेलीच ताजी फाइल उतरवून घ्या.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते झिजेकडे. प्रत्येक प्रतीला शून्य ते एक यांच्या दरम्यानचा झिजेचा आकडा मिळतो. ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढे बॅटल-स्कार्ड. रंग आधी कडांवरून आणि उंचवट्यांवरून उडतो. डोळा कडेवर असेल तर बॅटल-स्कार्ड प्रतीत बिबट्या आंधळा होतो. खेळाच्या वर्कशॉप साधनात झिजेचा आकडा सरकवत न्या, प्रत्येक टप्प्यावर थांबून बघा. झिजलेली बंदूकही देखणी दिसली पाहिजे, कारण बहुतेकांच्या वाट्याला कोरी करकरीत प्रत येत नाही.

उजेड-सावली चित्रात रंगवू नका. सीएस२ मध्ये खडबडीतपणा आणि धातूपणा यांचे वेगळे नकाशे असतात, उजेड खेळ स्वतः पाडतो. रंगवलेली सावली बंदूक वळली की खोटी पडते. बारीक रंगीत रेघांवरही फार विसंबू नका. डीएक्सटी१ सारख्या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत चार बाय चार पिक्सेलच्या चौकटीला दोनच रंग साठवले जातात आणि मधले दोन त्यांच्यावरून काढले जातात. शेंदरी पाकळी, हिरवा देठ आणि काळी रेघ एकाच चौकटीत आली की तिघांचा चिखल होतो. पानावरच्या तुकड्यांच्या हद्दीबाहेर थोडा रंग पसरवून ठेवा, नाहीतर लांबून पाहताना सांध्यांवर फिकट रेघा उमटतात.

मोबाइलवर बीजीएमआयसारखे खेळ खेळणाऱ्या मुलांना एक वेगळी सूचना. तिथे बाहेरच्यांसाठी असं वर्कशॉप नाही. ‘मॉड स्किन’ म्हणून ज्या फाइली फिरतात त्या खेळाच्या फाइली बदलतात, त्यातून खातं बंद होतं आणि अशा एपीकेमधून फोनमध्ये काय शिरेल याचा नेम नसतो. शिकायचं असेल तर वर्कशॉपवर शिका.

काम थोडं गाजलं की अनोळखी लोक येतात. ‘आमच्या स्किनला मत दे’ म्हणून दुवा पाठवतात. त्यावर स्टीमसारखंच दिसणारं पान उघडतं आणि तिथे पासवर्ड टाकला की खातं गेलं. दुसरे ‘आम्ही तुझी स्किन विकून देतो, मूळ फाइल पाठव’ म्हणतात. लेअर असलेली फाइल हा मालकीचा तुमचा पुरावा आहे. करार नसलेल्या कुणालाही ती देऊ नका.

पैशांची पद्धत मधून मधून बदलते, म्हणून ऐकीव माहितीवर हिशोब मांडू नका. काम स्वीकारलं गेल्यावर अमेरिकी कराचा डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरावा लागतो. पॅन आणि बँकेचे कागद आधीच नीट असू द्यात, दोन्हींवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. घरात अठरा वर्षांखालचं कुणी हे करत असेल तर आई-वडिलांनी करार शेजारी बसून वाचावा.

माझ्याकडे आता प्रत्येक स्किनमागे एक फोल्डर असतं: रेखाटनं, लेअरची फाइल, वापरलेल्या प्रत्येक ब्रशचा आणि फाँटचा परवाना, आणि सह्या झालेलं ते एक पान. तुमच्या चालू कामाचं असं फोल्डर नसेल तर आज रात्री ते तयार करा, आणि त्यात भागीदाराची मूळ फाइल नसेल तर उद्या सकाळी त्याला फोन करा.