छोट्या राष्ट्राचे आकाश

आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेला स्वित्झर्लंड हा देश हिमशिखरे, निळी सरोवरे आणि घड्याळे यांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि चिमुकले लिख्टेनस्टाइन यांनी तो चोहोबाजूंनी वेढलेला आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणारे विमान अवघ्या पंधरा मिनिटांत त्याच्या दक्षिण सीमेवरून उत्तर सीमेवर पोहोचते. तेवढ्या अवधीत परके विमान ओळखायचे, त्याला गाठायचे आणि अडवायचे, हे काम सोपे नाही. ते काम करणारे स्विस हवाई दल आकाराने लहान आहे. परंतु त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या दलाची स्थापना ३१ जुलै १९१४ रोजी झाली. पहिले महायुद्ध तेव्हा दाराशी येऊन ठेपले होते. थिओडोर रेआल या घोडदळातील अधिकाऱ्यावर दलाची जबाबदारी सोपविण्यात आली. त्याच्या हाताखाली वैमानिक मोजकेच होते. विमानांचीही वाण होती. म्हणून काही वैमानिकांनी आपली स्वतःची विमाने देशाच्या कामी आणली.

स्वित्झर्लंड हे तटस्थ राष्ट्र आहे. परंतु तटस्थ राहायचे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसायचे, असे नव्हे. लढणाऱ्या राष्ट्रांपैकी कोणालाही आपली भूमी व आपले आकाश वापरू न देणे हे तटस्थ राष्ट्राचे कर्तव्यच असते. या कर्तव्याची कसोटी १९४० साली लागली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने स्विस हद्दीत वारंवार घुसू लागली. त्यांना अडविण्यासाठी स्विस वैमानिकांजवळ जी उत्तम विमाने होती, ती मेसरश्मिट जातीची, जर्मनीकडूनच विकत घेतलेली होती! मे व जून या महिन्यांत झालेल्या चकमकींत स्विस दलाने ११ जर्मन विमाने पाडली. जर्मनी संतापला. बलाढ्य शेजाऱ्याशी युद्ध ओढवू नये, म्हणून सेनापती आंरी गिझां यांनी जूनमध्येच हवाई लढाया थांबविण्याचा हुकूम दिला. वैमानिकांना तो रुचला नसेल. परंतु शौर्याइतकीच विवेकाचीही राष्ट्राला गरज असते.

युद्ध संपल्यावर या दलाने एक निराळाच पराक्रम केला. १९ नोव्हेंबर १९४६ रोजी ऑस्ट्रियातून इटलीकडे निघालेले एक अमेरिकन विमान वाट चुकून गाउली नावाच्या हिमनदीवर आदळले. आतील बाराही माणसे बचावली. परंतु तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, कडाक्याच्या थंडीत त्यांना दिवस काढावे लागले. सुटका करणारी तुकडी बर्फ तुडवीत त्यांच्यापर्यंत पोहोचली खरी, पण जखमींना खाली आणणे फार कठीण होते. तेव्हा व्हिक्टर हुग व पिस्ता हिट्झ या दोन स्विस वैमानिकांनी आपली लहान विमाने थेट हिमनदीवर उतरविली. बर्फावरून घसरत जाता यावे म्हणून त्या विमानांना चाकांऐवजी लांब पट्ट्या बसविल्या होत्या. २४ नोव्हेंबरला खेपांमागून खेपा करून त्यांनी सर्वांना सुखरूप खाली आणले. आल्प्समधील हवाई बचावकार्याचा प्रारंभ या घटनेपासून मानला जातो.

देशाचे तीन पंचमांश क्षेत्र आल्प्सने व्यापले आहे. सपाट जागा कमी, म्हणून स्विस लोकांनी डोंगरांनाच आपले किल्ले केले. त्यांनी खडक कोरून आत प्रशस्त गुहा तयार केल्या व त्यांत लढाऊ विमाने ठेवली. मायरिंगेन येथील तळावर आजही विमाने डोंगराच्या पोटातून बाहेर पडून धावपट्टीवर येतात. धावपट्ट्या शत्रूने उद्ध्वस्त केल्या तर काय करावे, याचाही विचार त्यांनी करून ठेवला आहे. तशा वेळी मोटारींचे रुंद महामार्ग धावपट्टी म्हणून वापरावयाचे. ५ जून २०२४ रोजी पायर्न गावाजवळ महामार्गाच्या मधले कठडे काढून त्यावर लढाऊ विमाने उतरविण्यात आली. असा सराव १९९१ नंतर प्रथमच झाला.

या दलाचा मुख्य आधार म्हणजे एफ/ए-१८ हॉर्नेट ही अमेरिकन बनावटीची विमाने. दोन इंजिनांच्या या विमानाचा वेग ध्वनीच्या दीडपटीहूनही अधिक आहे. अशी ३४ विमाने घेण्यात आली होती. अपघातांत चार गमावल्यावर ३० उरली. याखेरीज वाहतुकीसाठी व बचावकार्यासाठी हेलिकॉप्टरे आहेत. नवशिक्या वैमानिकांसाठी पिलाटस या स्विस कारखान्याची विमाने आहेत. याच कारखान्याच्या विमानांवर २०१३ पासून भारतीय हवाई दलातील तरुणही उड्डाणाचे पहिले धडे घेत आहेत.

परंतु विमाने असूनही एकदा आकाश उघडेच राहिले. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे आदिस अबाबाहून रोमला निघालेले प्रवासी विमान त्याच्याच सहवैमानिकाने पळविले. मुख्य वैमानिक कक्षाबाहेर जाताच त्याने दार आतून बंद केले आणि विमान जिनिव्हाकडे वळविले. आत २०२ माणसे होती. प्रथम इटलीची व नंतर फ्रान्सची लढाऊ विमाने त्याच्या पाठोपाठ आली. स्विस विमान मात्र एकही उडाले नाही. कारण त्या काळी स्विस लढाऊ विमाने केवळ कचेरीच्या वेळात, सकाळी आठनंतर सज्ज असत, आणि प्रवासी विमान तर सहाच्या सुमारास उतरले! सुदैवाने सर्व प्रवासी सुखरूप राहिले. जगाने या प्रकाराची थट्टा केली.

अहोरात्र पहारा ठेवावयाचा तर माणसे व पैसा दोन्ही अधिक लागतात, आणि छोट्या राष्ट्राला प्रत्येक खर्च तोलून पाहावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये असे मोठे प्रश्न पुष्कळदा सार्वमताने सोडवितात. मे २०१४ मध्ये २२ नवी ग्रिपेन विमाने घेण्याची योजना मतदारांनी फेटाळली. सप्टेंबर २०२० मध्ये नव्या लढाऊ विमानांसाठी सहा अब्ज फ्रँकपर्यंत खर्चास त्यांनी मान्यता दिली. बाजूने पडलेली मते होती अवघी ५०.१ टक्के. दरम्यान पहाऱ्याची उणीवही टप्प्याटप्प्याने भरून काढण्यात आली. २०२० च्या अखेरीपासून दोन सशस्त्र विमाने रात्रंदिवस सज्ज असतात व हुकूम मिळताच पंधरा मिनिटांच्या आत आकाशात झेपावतात.

छोट्या राष्ट्राला मोठ्या राष्ट्राइतकी विमाने बाळगता येत नाहीत. परंतु भूमीचा चतुराईने उपयोग करणे, संकटापूर्वी सराव करणे आणि दिसून आलेली उणीव न लपविता दूर करणे या गोष्टी त्याच्या हाती असतात. डोंगरातील त्या गुहांपेक्षाही स्विस आकाशाचे खरे संरक्षण यांतच आहे.

शब्दार्थ
वाण – उणीव, कमतरता. तटस्थ – कोणत्याही पक्षाला न मिळालेला. हिमनदी – डोंगरउतारावरून हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रचंड थर. सार्वमत – एखाद्या प्रश्नावर सर्व मतदारांचा घेतलेला कौल.

स्वाध्याय
१. तटस्थ राष्ट्रालाही हवाई दलाची गरज का असते?
२. सेनापती गिझां यांचा १९४० मधील हुकूम तुम्हांस योग्य वाटतो का? कारणे द्या.
३. गाउली हिमनदीवरील सुटकेची हकिकत आपल्या शब्दांत लिहा.
४. विमाने असूनही फेब्रुवारी २०१४ मध्ये स्विस आकाश उघडे का राहिले?